तालमीत दिलेली शिवी

अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगला आमच्या शेजारी एक कृष्णवर्णीय आजी एकट्या राहायच्या. वय पंच्याऐंशी. माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती आणि त्यांना डोळ्यांमुळे गाडी चालवता येत नव्हती. म्हणून दर गुरुवारी मी त्यांना धाकट्या बहिणीकडे घेऊन जायचे. बहीण तासाभराच्या अंतरावरच्या वृद्धाश्रमात होती. तिला काही आठवत नसे, माणसंही ओळखू येत नसत. एका कानाने तर तिला तरुणपणापासूनच ऐकू येत नव्हतं.

एका गुरुवारी केस विंचरायला म्हणून आजींनी मागून तिच्या डोक्याला हात लावला. ती एकदम आक्रसली. मान छातीशी, दोन्ही तळवे डोक्यावर, कोपरं गालांवर घट्ट. तोंडातून चकार शब्द नाही. आजी समोर जाऊन "मी आहे गं, मीच आहे" म्हणत राहिल्या, तरी हात सुटायला बराच वेळ लागला.

परतताना हायवेला लागल्यावर त्या म्हणाल्या, "तसं बसायला तिला मीच शिकवलं होतं."

आजी कॉलेजात असताना त्यांच्या गावातल्या एका दुकानात काळ्या माणसांना सामान विकत घेता यायचं, पण तिथल्याच काउंटरवर बसून खाता यायचं नाही. विद्यार्थ्यांनी ठरवलं, जाऊन बसायचं. वाढत नाहीत तोवर उठायचं नाही, कोणी मारलं तरी हात उचलायचा नाही. त्यासाठी आठवडाभर चर्चच्या हॉलमध्ये तालीम चालली. निम्मे जण काउंटरवर बसल्याचं सोंग करायचे, निम्मे गोऱ्यांचं. आजी गोऱ्यांच्या बाजूला होत्या आणि त्यांच्यासमोर आली अठरा वर्षांची बहीण.

"मी तिचे केस ओढले, मानेवर गार पाणी ओतलं," आजी म्हणाल्या. "आणि गोरे आम्हाला द्यायचे ती शिवी दिली. आमच्या वडिलांनी त्या शब्दापासून आम्हाला किती जपलं होतं! तिच्या तोंडावर तो शब्द सगळ्यात आधी मी उच्चारला. ती रडली तेव्हा म्हटलं, रडायचं नाही, पुन्हा बस. पुन्हा दिली. मला छान जमतंय, असं सगळे म्हणत होते."

दुकानात गेल्यावर तिसऱ्या दिवशी कोणीतरी बहिणीच्या कानावर साखरेची जड बरणी हाणली. ती स्टुलावरून पडली, उठली, पुन्हा बसली. हात उचलला नाही. आजी त्या दिवशी तापाने घरी होत्या. काही महिन्यांनी काउंटर सगळ्यांसाठी खुलं झालं. बहिणीचा कान मात्र गेला तो गेलाच.

"तुम्ही याबद्दल कधी बोललात तिच्याशी?" मी विचारलं.

"नाही. ते सगळं चांगल्यासाठीच होतं ना! माफी कशाची मागायची?"

पुढच्या गुरुवारी त्यांनी मागितली. ऐकू येणाऱ्या कानाशी तोंड नेऊन बराच वेळ बोलल्या. बहिणीने शांतपणे ऐकून घेतलं आणि परक्या बाईला विचारावं तसं विचारलं, "तुम्हाला घरी न्यायला कोणी येणार आहे का?"

महिन्याभरात ती गेली. चर्चमध्ये तिच्या धैर्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं. आजींना बोलायला सांगितलं, तेव्हा त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला विचारलं, "तुमच्या देशात असतं का असं काही, माणसांना वेगळं ठेवणं?"

एरवी मी "पूर्वी होतं" म्हणून विषय संपवला असता. त्या दिवशी ते जमलं नाही. मी सांगितलं, नागपूरला आमच्याकडे संडास धुवायला एक बाई यायची. तिचा कप वेगळा होता, मागच्या खिडकीत पालथा ठेवलेला. चहा मी द्यायचे, हातभर उंचीवरून, कपाला भांडं लागणार नाही असा. एकदा चहा तिच्या मनगटावर सांडला. तिने हात हलवला नाही. मी आत पळाले, आईने विचारलं तर "काही नाही" म्हणाले. तेव्हा मी दहा वर्षांची होते.

"नाव काय होतं तिचं?"

मला माहीत नव्हतं. घरात कोणीच कधी विचारलं नव्हतं.

आजी खिडकीबाहेर बघू लागल्या. घर आलं तेव्हा दार उघडायला मी पलीकडे गेले, तर त्या स्वतःच उतरल्या होत्या. नेहमी माझा दंड धरून पायऱ्या चढायच्या, त्या दिवशी कठडा धरून एकेक पायरी चढल्या.

दोनेक आठवड्यांनी त्यांचा फोन आला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. मी नेलं. पुढेही नेत राहिले. त्या हवापाण्याबद्दल बोलायच्या, माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी करायच्या. उन्हाळ्यात त्यांचा मुलगा त्यांना घेऊन जायला आला. निघताना त्यांनी माझ्या मुलीला जवळ घेतलं आणि मला म्हणाल्या, "हिला सांगितलंस का?"

"अजून नाही."

"सांग," एवढंच म्हणून त्या गाडीत बसल्या. मुलगी आता चौदा वर्षांची आहे. अजून माझ्याने सांगवलेलं नाही.