शेवटची आठ पानं

समोरच्या माणसानं कोणत्या खुनाची कादंबरी वाचावी, हे त्याच्या छातीचं माप घेता घेता ठरवणारा शिंपी अख्ख्या जगात एकच होऊन गेला आणि ते म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. देगलूरला बाजाराच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. दुकानात मशिनी दोन, कपाटं तीन, आणि तीनपैकी कापडाच्या वाट्याला फक्त एक. बाकीच्या दोन कपाटांत रहस्यकथा. नांदेडच्या रद्दीवाल्यांकडून, लातूरच्या बंद पडलेल्या वाचनालयांतून, माहूरच्या यात्रेत प्रसादाच्या दुकानाशेजारी पथारी टाकून बसलेल्यांकडून त्यांनी त्या एकेक करून गोळा केल्या होत्या. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या अशा थाटात ते गिऱ्हाइकाभोवती एक फेरी मारत आणि टाचण्या न काढताच निकाल देत. "मान आखूड, खांदे उतरते. ह्यांना विषाचा खून झेपायचा न्हाई. बंद खोलीतला घिऊन जावा." गिऱ्हाईक बिचारं पायजमा शिवायला आलेलं असे. ते पायजम्याचं कापड ठेवून कादंबरी घेऊन जाई. नव्या नवरीला पहिली दोन वर्षं सासू मरणारी गोष्ट द्यायची नाही, डॉक्टरला विषाची द्यायची नाही, कारण "त्यांना चुका सापडतेत आन् समदी मजा जाती", असे त्यांचे पक्के नियम होते. सीमेपलीकडून तेलुगू बोलणारे शेतकरी कपडे शिवायला आले की दाजी अर्ध्या मराठीत, अर्ध्या तेलुगूत गोष्ट तोंडीच सांगत. खून होईपर्यंत पँट शिवून होई, आणि खुनी कोण ते कळायला त्यांना पुढच्या बाजाराला परत यावं लागे.

पण दाजींची खरी ख्याती पुस्तकं देण्याबद्दल नव्हती, ती शिवण्याबद्दल होती. कोणतीही कादंबरी दुकानाबाहेर पडण्याआधी तिचं शेवटचं प्रकरण ते कच्च्या टाक्यांनी शिवून टाकत. वाचणाऱ्यानं टाक्यांपर्यंत वाचायचं, मग दुकानात येऊन कापायच्या टेबलासमोर उभं राहायचं, खुनी कोण ते सांगायचं आणि तीन पुरावे द्यायचे. उत्तर पटलं तर दाजी तिथल्या तिथं ब्लेडनं टाके उसवून देत. नाही पटलं तर, "परत पैल्यापासून वाचा, साहेब." मोठमोठ्या हुद्द्यांची माणसं त्या टेबलासमोर घाम पुसताना मी पाहिली आहेत. एका गुरुजींना धीर निघाला नाही. त्यांनी घरीच टाके उसवले, शेवट वाचला, त्याच भोकांतून त्याच रंगाचा दोरा पुन्हा ओवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी येऊन सराईतासारखे तीन पुरावे दिले. दाजींनी पुस्तक नुसतं डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाले, "गुरुजी, माजा टाका उजवीकडं झुकतो. ह्यो डावीकडं झुकलाय. घरी डावखुरं कोन हाय?" गुरुजींची बायको डावखुरी होती. पुढचे सहा महिने दाजींनी त्यांना शेतीच्या मासिकांखेरीज काही दिलं नाही, आणि गुरुजींनीही ती मासिकं निमूटपणे वाचून परत केली.

हा नियम दाजी स्वतःलाही लावत. एकदा उमरीहून आणलेल्या गठ्ठ्यात त्यांना एक जाडजूड कादंबरी मिळाली. तिचं नाव मी सांगत नाही. उगाच कोणी शोधायला जाल आणि पस्तावाल. डोंगरावरचा बंगला, त्यात मरून पडलेला जहागीरदार, घरात त्याची दुसरी बायको, भाऊ, डॉक्टर आणि मुनीम. बांधणी सुटलेली असल्यामुळे शेवटची आठ पानं पुस्तकातून निघून आली होती. दाजींनी ती न वाचता मशिनीच्या खणात ठेवली आणि खुनी कोण याचा विचार करायला स्वतःला तीन दिवसांची मुदत दिली. दुसऱ्या दिवशी अक्का, म्हणजे माझी बहीण, दुकानात ब्लाउज शिवायला बसली. कापड जॉर्जेटचं. असलं गुळगुळीत कापड मशिनीखाली सरकतं, म्हणून शिंपी त्याच्याखाली कागद धरून शिवतात आणि शिवून झालं की कागद फाडून काढतात. अक्कानं खणात हात घातला, हाताला लागतील ते सुटे कागद घेतले आणि दोन ब्लाउज दुपारपर्यंत पुरे केले. दाजी जेवून येईपर्यंत जहागीरदाराच्या खुनाच्या बारीक चिंध्या झाल्या होत्या आणि त्या केरात जाऊन केर गाडीतही गेला होता.

दुसरा कोणी असता तर चिडला असता. दाजींनी मशिनीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ब्लाउज बाकी झ्याक झालेत." त्यानंतर तीस वर्षं त्यांनी ते प्रकरण सोडलं नाही. ही कादंबरी ते प्रत्येक चांगल्या वाचकाला देत, आपल्या संग्रहातली सर्वांत उत्तम म्हणून देत, आणि उत्तर ऐकून झाल्यावर उसवायला टाकेच नसत. मग खाली मान घालून सांगत, "खरं काय ते मलाबी म्हाईत न्हाई." शेकडो लोकांनी शेकडो उत्तरं दिली असतील, त्यातलं एकही त्यांना पटलं नाही. त्या पुस्तकाचा शेवट कळावा एवढी एकच इच्छा त्यांनी आयुष्यात बोलून दाखवली. अक्काला ती प्रत्येक वेळी टोचे. तिनं ते पुस्तक स्वतः वाचलं नव्हतं, पण काजं करता करता दाजींच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की बंगल्यातली भांडीसुद्धा तिला पाठ होती. तिचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच, खून स्वयंपाकिणीनं केला.

"ती अख्ख्या पुस्तकात तीनदा येती," दाजी हसून म्हणत.

"मंग तेच तर म्हनून राहिले मी. समद्यांला वाढलं, समदे जेवले. तिला कोनी इचारलं का, तू जेवलीस का म्हनून?"

"ह्यो पुरावा हाय व्हय?"

"मला पुरतो," अक्का म्हणे आणि पुढचं काज हातात घेई. दाजी हा किस्सा गिऱ्हाइकांना सांगून हसवत. अक्काही हसे, पण तिला ते आवडत नसे, हे मला माहीत होतं आणि मी कधी बोललो नाही.

पुढे दाजींना काचबिंदू झाला. आधी सुईत दोरा ओवेना, मग अक्षरं गेली, मग माणसंही आवाजावरून ओळखायची वेळ आली. दुकान बंद झालं, कपाटं घरात आली. एकदा मी नांदेडहून भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझा हात धरून ठेवला. "बाकी समदं वाचून झालं बघ. तेवढी आठ पानं हुडकून दे." त्यांनी माझ्याकडे तोवर कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मला ते फार लागलं. मी रद्दीवाले पालथे घातले. व्हॉट्सॲपच्या अकरा ग्रुपांवर निरोप टाकला, त्याच्या उत्तरादाखल मला चाळीस सुप्रभात आले. दीड वर्षानं लातूरला एका निवृत्त ग्रंथपालांच्या माळ्यावर ती कादंबरी सापडली, पानं सगळी जागच्या जागी. परतीच्या एसटीत मी ती आठ पानं वाचली आणि मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. खून जहागीरदाराच्या जुळ्या भावानं केला होता. हा जुळा भाऊ परदेशातून थेट शेवटून सहाव्या पानावर उगवतो. त्याआधी त्याचा उल्लेख नाही, सुगावा नाही, काही नाही. लेखकाला बहुधा कुठंतरी जायची घाई होती. आणि या भिकार शेवटासाठी एका माणसानं तीस वर्षं वाट पाहिली होती.

देगलूरला पोचलो तेव्हा दुपार होती. दाजी धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले होते आणि अक्का त्यांच्या पायाशी, मांडीवर हात घट्ट धरून. निकाल ऐकायला बसल्यासारखी. मी पुस्तक उघडलं. पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि अक्काकडे पाहिलं. मग पुढे काय केलं ते मी ठरवून केलेलं नाही. डोळे पुस्तकावर ठेवून मी स्वयंपाकिणीची गोष्ट सांगत सुटलो. तिचा धाकटा भाऊ जहागीरदारानं कसा मारला, पंक्ती उठल्यावर ती एकटी कशी बसायची, कढीत काय कालवलं, सगळं. आयुष्यात ऑफिसच्या पत्रांपलीकडे काही न लिहिलेला मी, पाऊण तास बोललो. संपलं तेव्हा अक्का पदर तोंडाला लावून हुंदके देत होती.

"मी म्हनलं नव्हतं?" ती म्हणाली. "तीस वर्षं हसलात."

"हाव. चुकलं माजं," दाजी म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. अक्का डोळे पुसत चहा टाकायला आत गेली. ती गेल्याची चाहूल घेऊन दाजी माझ्याकडे झुकले.

"आठ पानं वाचलास. कागद एकदाबी वाजला न्हाई."

पुस्तक मांडीवर तसंच उघडं होतं. आता ते विचारतील, खरं काय लिहिलंय, आणि मला त्या जुळ्या भावाचं सांगावं लागेल, म्हणून मी तयार बसलो. दाजींनी आत कपबशा वाजल्या तिकडे कान दिला.

"ती आज अजून दोनदा तरी वाचाया लावंल," ते हळूच म्हणाले. "येळच्या येळी पान उलटत जा."

त्यानंतर ते अडीच वर्षं होते. मी दर महिन्याला जात होतो, कित्येकदा आम्ही दोघंच असायचो, पण त्यांनी एकदाही विचारलं नाही. आल्यागेल्याला ते स्वतःच सांगत की आमच्या घरात खुनी पहिल्यांदा हिनं ओळखला. परवा अक्काकडे गेलो होतो. कपाटातली पुस्तकं उन्हात मांडून ती पुसत बसली होती. एक पुसून खाली ठेवत म्हणाली, "शेवट ऐकून गेले बघ ते. माज्यामुळं ऱ्हायला हुता, तेवढं तरी फिटलं." मी हाव म्हणालो आणि पुसायला एक पुस्तक हातात घेतलं.