बाईंनी बोलावलेलं मेहूण

बाईंच्या नावाखाली 'टायपिंग' अशी अक्षरं उमटली तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होतो. आमच्या वाचकांच्या ग्रुपवर आदल्या संध्याकाळी एक भांडण अर्धवट राहिलं होतं. पाचव्या खंडात लेखिकेनं ड्रॅगन उगाच मारला, असं बापूंनी लिहून टाकलं होतं, आणि आता बाई उत्तर देणार म्हणजे बापूंची काही धडगत नाही, म्हणून मी घास हातात धरून वाट बघत होतो. टायपिंग... मग थांबलं... मग परत टायपिंग. एवढा विचार करून बाई कधी लिहीत नसत. शेवटी उमटलं, "मी मेधा. पूजा झाल्यावर जरा पडते म्हणाल्या, त्या उठल्याच नाहीत. आई गेल्या." मेधा म्हणजे बाईंची सून. त्याखाली बापूंनी काहीतरी लिहिलं आणि पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. मी डबा झाकून ठेवला.

कुंदाबाई आम्हांला आठवीला गणित शिकवायच्या. रत्नागिरीत माझ्या वयाची निम्मी माणसं त्यांचा मार खाल्लेली आहेत आणि उरलेली खोटं बोलतात. चातुर्मास, एकादश्या, बोडण, काही सोडायच्या नाहीत. आणि ह्याच बाई निवृत्त झाल्यावर वाचनालयातून ड्रॅगन आणि जादूगारांच्या विटेएवढ्या इंग्रजी कादंबऱ्या घरी न्यायला लागल्या. मी एकदा हसलो तर म्हणाल्या, "त्यात काय मेल्या? पोथ्या झाल्या वाचून. इथंही राक्षस आहेत, शाप आहेत, वरदानं आहेत. फरक एवढाच की शेवट मला आधी ठाऊक नसतो." मीही कॉलेजपासून तसलीच पुस्तकं वाचत आलेला, पण गावात कुणाला सांगण्याची सोय नव्हती. चाळिशी उलटलेला, बिनलग्नाचा, विमा कचेरीतला माणूस ड्रॅगन वाचतो म्हटल्यावर लोक स्थळं आणायचं थांबवतील, एवढा एकच फायदा होता. मग रविवारी चार वाजता बाईंच्या पडवीत जमायची रीत पडली. बाई खुर्चीत, बाकी आम्ही बाकड्यावर. बापूंची हापूसची बाग आहे आणि मिरजोळ्याला आमरस डब्यात भरायचा कारखाना. नातवासाठी पुस्तक न्यायला आले आणि स्वतःच अडकले. शिवाय वाचनालयातली दोन-तीन माणसं येऊन-जाऊन असायची.

शिरीष देवरूखहून यायचा. तिथल्या कॉलेजात तो इंग्रजी शिकवतो. पडवीत त्याची ओळख मी 'माझे देवरूखचे मित्र' अशी करून दिली होती, जशी मी ती सगळीकडे करून द्यायचो. आज हे त्याला विचारून लिहितो आहे. आम्ही गेली बारा-तेरा वर्षं एकमेकांचे आहोत. मित्र आहोतच, पण ते मित्रपणावर थांबत नाही, आणि पुढचं सांगायला गावात जागा नव्हती. पडवीत तो बाकड्याच्या एका टोकाला बसायचा, मी दुसऱ्या, आणि मध्ये बापू मांडी पसरून.

त्या वर्षी आम्ही एक पाच खंडांची गाथा हातात घेतली होती. आवडीनिवडी लगेच ठरल्या. बापूंना पहिला खंड प्यारा, कारण त्यात ड्रॅगन सगळ्यात जास्त. बाईंना दुसरा, ज्यात वेढा पडलेल्या किल्ल्यात माणसं नुसती रांधतात, वाटून खातात आणि भांडतात. "ह्याला म्हणतात कादंबरी," बाई म्हणायच्या. "मारामारी कुणीही लिहील. अडीच शेर धान्यात किल्ला जगवून दाखवा." त्या गाथेत हाल्दन नावाचा सेनापती आणि इल्मो नावाचा एक होडीवाला आहे. बापूंनी पहिल्याच रविवारी त्यांची नावं हळदणकर आणि तरीवाला करून टाकली, आणि तीच रूढ झाली. तर दुसरा खंड संपता संपता बाई चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या, "हे दोघं एकमेकांचे आहेत हो."

बापू उसळलेच. "काहीतरीच काय, बाई? सैन्यात अशी दोस्ती असते. आता पुस्तकातसुद्धा समलैंगिक आणून बसवायचे काय?"

"मी नाही आणले. लेखिकेनं आणलेत. हळदणकर लढाईवर गेला की तरीवाला रोज तिन्हीसांजेला धक्क्यावर दिवा लावतो. माझं माहेर दाभोळचं. नवरा गलबतावर गेलेल्या बायका मी लहानपणापासून बघितल्यात. मित्रासाठी कुणी असा दिवा लावीत नाही, बापू."

त्यावर दीड-दोन वर्षं भांडण चाललं. आणि गंमत अशी, की चौथा खंड आमच्यापैकी कुणीच वाचला नव्हता. वाचनालयातल्या प्रतीला वाळवी लागली होती, म्हणून आम्ही तिसऱ्यावरून पाचव्यावर उडी मारली, तो अर्धा वाचून सोडला, आणि मधलं सगळं अंदाजानं भांडत बसलो. असा मूर्खपणा बहुधा रत्नागिरीतच होऊ शकतो. बापूंचं म्हणणं, चौथ्यात हळदणकराचं लग्न झालं असणार. बाई म्हणायच्या, "पैज लावता?" मी मात्र ह्या एका विषयावर गप्प. तोंड उघडलं तर आवाजावरून कळेल, अशी धास्ती वाटायची... पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला एका होडीवाल्याची धास्ती. शिरीष पुस्तकाकडे बघत बसायचा. बाई चष्म्यावरून दोघांकडे एकेकदा बघायच्या आणि मेधाला चहा टाकायला सांगायच्या.

शेवटी बाईंचा जहाजावरचा भाचा सुट्टीवर येताना चौथा खंड घेऊन आला. बाईंनी तो आधी एकटीनं वाचला आणि पुढच्या रविवारी त्यातलं एक पान आम्हांला वाचून दाखवलं. युद्ध संपतं, सेनापती तलवार ठेवून धक्क्यावर येतो. होडीवाला विचारतो, जेवलास का? मग पुढची सगळी वर्षं दोघं एका छपराखाली राहतात. मिठी नाही, कबुली नाही, काही नाही. बापूंना जोर चढला. "बघा, कुठं लिहिलंय? एका घरात राहिले म्हणजे काय, खर्च वाचतो." बाईंनी पुस्तक मिटलं. अंबाडा घातलेल्या केसांतला एक आकडा काढून त्या पानांत खूण म्हणून खोवायच्या, तसा खोवला. म्हणाल्या, "आणखी काय लिहायला हवं होतं तिनं? पत्रिका छापायला हवी होती?"

त्याच सुमाराला शिरीष जायचं म्हणत होता. पुण्याच्या एका कॉलेजात जागा निघाली होती. मांडवीच्या धक्क्यावर बसून त्यानं मला शांतपणे सांगितलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. "तुझ्या गावात माझं नाव काय आहे? देवरूखचे मित्र. कुणाच्या लग्नाची पत्रिका आली तर तुझ्या एकट्याच्या नावाची. तुझी आई आजारी होती तेव्हा मी दवाखान्याच्या बाहेर चहाच्या टपरीवर बसलो होतो, आठवतं? मी दमलो रे." मी त्याला थांब म्हणायचं तर कशाच्या जोरावर?

तो अधिक महिना होता. बाईंचा फोन आला. "रविवारी मेहूण जेवायला बोलावलंय. तू आणि शिरीष साडेबाराला या. उशीर नको." अधिकात एखाद्या जोडप्याला घरी बोलावून, लक्ष्मी-नारायण म्हणून पूजून जेवू घालतात, तेच मेहूण. आमच्याकडे घरोघरी असतं. मला वाटलं, कुणी जोडपं येणार असेल आणि पंगतीला चार माणसं म्हणून आम्ही. शिरीष यायलाच तयार नव्हता. शेवटचं म्हणून ये, असं सांगून आणला. जाऊन बघतो तर माजघरात पाट दोनच. शेजारी-शेजारी, भोवती रांगोळी, पुढे केळीची पानं. मी मेधाला विचारलं, "मेहूण यायचंय का अजून?" ती स्वयंपाकघरात गेली. बाई आतून अनारशांचं ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आलंय की. बसा."

आम्ही बसलो. म्हणजे पाय वळले म्हणून बसलो. बाईंनी दोघांच्या कपाळाला गंध लावलं, अक्षता लावल्या, नारळ आणि पंचा दोघांच्या ओंजळीत ठेवला. मेहुणाला नमस्कार घरच्या सवाष्णीनं करायचा, आणि बाईंचे यजमान केव्हाच गेलेले, म्हणून मेधा पुढे झाली, तर बाई म्हणाल्या, "थांब गो, आधी मी." आणि वाकायला लागल्या. आठवीत मला बाकावर उभं करणाऱ्या बाई. मी पाय पोटाशी ओढले. म्हटलं, "बाई, असं करू नका. मी तुमचा विद्यार्थी..."

"आज नाहीस. आज मेहूण आहात. पाय पुढे कर. माझी कंबर दुखते, परत परत वाकता यायचं नाही मला."

मी पाय पुढे केले. शिरीषकडे बघायची माझी छाती झाली नाही. पुरणपोळी कशी झाली होती ते आम्हां दोघांनाही आजतागायत सांगता येणार नाही. स्टँडवर देवरूखची गाडी लागेपर्यंत तो नारळ मांडीवर घेऊन बसला होता. गाडी लागल्यावर उठला आणि म्हणाला, "पुण्याला अर्ज करत नाही." मी तिथंच, कंडक्टरच्या देखत, रडलो.

बाई त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. ना तेव्हा, ना नंतर. फक्त पुढच्या रविवारी बापू नेहमीसारखे बाकड्याच्या मधोमध बसले, तर म्हणाल्या, "बापू, उठा. सरका तिकडे. तिथं शिरीष बसेल." बापूंनी आमच्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि कुरकुरत सरकले. बापूंना तेव्हा काय कळलं, काय नाही, ते आम्ही विचारलं नाही. मधे दोन-तीन रविवार ते आलेच नाहीत. आले तेव्हा आमरसाचे डबे घेऊन आले, एक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "दोघांत पुरेल."

बाई गेल्यावर पडवी बंद झाली असंच मी धरून चाललो होतो. तीन-चार आठवड्यांनी मेधानंच ग्रुपवर लिहिलं, रविवारी चहा ठेवते, या. बाई गेल्या तेव्हा पाचवा खंड त्यांच्या उशाशी होता. तो पुरा करायचा, असं तिचं म्हणणं. शिरीष म्हणाला, "तू जा. बाई होत्या तोवर ठीक होतं. आता मी तिथं कोण म्हणून येऊ?" मी त्याची समजूत काढायला गेलो आणि माझ्या लक्षात आलं, मलाही नेमकी तीच भीती वाटते आहे. एका बाईंच्या शब्दावर आम्ही गावात दोघं होतो. तो शब्द आता संपला...

तरी आलो. गाडी चुकली, म्हणून उशिराच. पडवीत बाईंची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली, आणि बाकड्यावर मधोमध बापू. शिरीष उंबऱ्याशीच थबकला. बापूंचे गुडघे आता पार गेलेत. पण आम्हांला पाहून ते बाकड्याला धरून उठले, आणि सरकत सरकत टोकाला जाऊन बसले. "या, बसा आपल्या जागेवर. बाईंनी एकदा उठवलं होतं मला, परत बोलणी खायची नाहीत." मेधानं चहा आणला. शिरीषचा बिनसाखरेचा, बाईंनी लावून दिलेल्या शिस्तीप्रमाणे वेगळ्या कपात. मग तिनं पाचवा खंड आणून त्याच्या हातात दिला. निम्म्याच्याही पुढे, पानांत बाईंचा आकडा तसाच होता.

शिरीषनं आकडा काढून वरच्या खिशाला अडकवला, चष्मा पुसला, तेवढ्यात बापू म्हणाले, "एक मिनिट, मास्तर. ते हळदणकर आणि तरीवाला शेवटपर्यंत एकत्र राहतात ना? नाहीतर मी आत्ताच सांगतो, मला ऐकायचं नाही."

"मीही वाचलेलं नाही, बापू," शिरीष म्हणाला, आणि बाई थांबल्या होत्या तिथून पुढे वाचायला लागला.