दुसऱ्याच्या नावाची गोळी मी घेतली

मंडळी, मला संधिवात आहे हे बऱ्याच जणांना माहीत आहे. पण सांध्यांपेक्षा थकवा जास्त छळतो. चाकणच्या कंपनीत आठ तास उभं राहून पार्ट तपासायचे, म्हणजे दुपारपर्यंत अंगात काही उरत नाही.

आज सकाळी लाइनवरच्या वैशालीने एक गोळी दिली. तिच्या भावाला लक्ष लागत नाही म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली. "घे गं, एकदम तरतरी येते." मी घेतली.

तासभर खरंच मस्त वाटलं. मग छाती अशी धडधडायला लागली, की हातातला पार्ट खाली पडला. सुपरवायझरांनी थेट माझ्या नेहमीच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर मॅडम बीपी बघून चिडल्याच. "संधिवाताच्या औषधांनी तुमचं बीपी आधीच वाढतं, त्यात ही गोळी? थकव्याचं मला का नाही सांगितलंत?"

"सारखी तक्रार किती करायची, म्हणून."

"करायची. थकवा आजाराचाच भाग आहे, त्यावर उपाय करता येतो."

आता बरी आहे. उद्या रक्त तपासणार. बसून करायचं काम मागणारा अर्जही लिहिलाय, तो सुपरवायझरांच्या हातात देणार. नाही म्हणाले तर पुन्हा अर्ज करणार.

तुमच्यापैकी किती जण थकवा असाच लपवून उभे आहात?