प्रूफावरची लाल रेघ

हे सांगायला बसलो की अजून माझे कान गरम होतात, म्हणून आधीच बजावतो, मध्ये कोणी हसायचं नाही. हसायचंच असेल तर शेवटी हसा, आणि खुशाल माझ्या तोंडावर हसा.

आमचं मुलुंड पूर्वेला छपाईचं दुकान आहे, बापाच्या वेळेपासूनचं. तेव्हा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, आता कॉम्प्युटर आला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळाच्या वर्गणीची पत्रकं, पडेल ते काम. दुकानात माणसं दोनच. एक मी, ज्याला सगळी गल्ली आप्पा म्हणते, आणि दुसरी सुरेखा. अकरा वर्षं झाली तिला. मजकूर टाइप ती करते, मांडणी ती करते, मशीन ती चालवते, आणि गिऱ्हाईक तणतणत आलं की त्याला शांतही तीच करते. मग मी काय करतो? मी प्रूफ तपासतो! चष्मा लावून, लाल पेन घेऊन. आणि खाली ऐटीत लिहितो, 'तपासले, बरोबर आहे', आणि सही.

दुकानाचा एक नियम आहे, तोही बापाचाच. तोंडी दुरुस्ती चालणार नाही. काही सांगायचं असलं तर प्रूफावर लाल पेनाने खूण करायची. एकदा असंच तोंडी सांगण्यावरून पत्रिकेत नवरीच्या जागी तिच्या आत्याचं नाव छापलं गेलं होतं. आत्या खूश झाली, बाकी कोणी नाही. तेव्हापासून बोलणं बंद, खूण चालू. सुरेखाला मी पहिल्याच दिवशी ठणकावलं होतं, "तोंडाने सांगितलेलं मी ऐकणार नाही हां!" बिचारीने मान डोलावली होती.

आता मुद्द्यावर येतो. दुकानदाराने आपल्या माणसाला कमीत कमी किती पगार द्यायचा, ते सरकार ठरवतं. त्यातला महागाईचा भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. नव्या दरांचा तक्ता दुकानात सगळ्यांना दिसेल असा लावायचा असतो. आता दुकानदाराने गल्ला सांभाळायचा की हे लक्षात ठेवायचं? म्हणून जानेवारी आली की मी नवा तक्ता छापतो, जुलै आला की पुन्हा छापतो, लॅमिनेट करतो आणि अख्ख्या गल्लीला विकतो. वर भाषण फुकट! "शेठ, नवा दर लावलात की नाही? गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका हो!"

त्या तक्त्यात तीन ओळी असतात. कुशल, अर्धकुशल, अकुशल. कॉम्प्युटरवर काम करणारं माणूस कुशलच्या ओळीत जातं, हे मी स्वतः तीन दुकानदारांना समजावून सांगितलंय. एकाला तर झापलंय.

आणि सुरेखाचा पगार? तो दिवाळीला माझ्या मनाला येईल तेवढा वाढायचा. वर एक साडी आणि बायकोच्या हातचा चिवडा. सुरुवातीला तिचा पगार तक्त्याच्या पुढे होता, खोटं नाही सांगत. पण तक्ता वर्षातून दोनदा चढतो आणि माझं मन एकदाच. तो कधी पुढे निघून गेला ते मला कळलंच नाही.

तुमच्या लक्षात आलं ना मी कुठे चाललोय? माझ्या नव्हतं आलं!

तर गेल्या वर्षीचा जानेवारी. सुरेखाने नव्या तक्त्याचं प्रूफ माझ्यापुढे ठेवलं. बघतो तर कुशलच्या ओळीखाली लाल रेघ. मी सरकारी कागद काढला, आकडा ताडून पाहिला. बरोबर!

"सुरेखा, हा आकडा बरोबर आहे गं."

"हो आप्पा. आकडा बरोबरच आहे."

"मग रेघ कशाला?"

तिने प्रूफ माझ्याकडे आणखी थोडं सरकवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी डोकं चालवलं. हिला ओळ ठळक हवी असणार! अकरा वर्षांत हिची नजर कशी तयार झालीय बघा, असं म्हणत मी ती ओळ ठळक करायला लावली. शाबासकीसुद्धा दिली वर.

जुलैमध्ये पुन्हा प्रूफ, पुन्हा तीच ओळ. या वेळी दोन रेघा आणि भोवती गोल.

"अगं, ठळक केली ना! अजून काय हवंय?"

तिने तोंड उघडलं, मिटलं आणि नुसतं बोट त्या ओळीवर ठेवलं.

"लाल करू?" मी म्हटलं.

तिने असा काही सुस्कारा सोडला, की मला वाटलं पोरगी दमली. मी तिला चहा मागवला आणि ओळ लाल केली. दोनशे प्रती, दोन रंगांत! खर्च वाढला, पण म्हटलं जाऊ दे, माल झकास दिसला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी शेजारचे फरसाणवाले जिग्नेशभाई तक्ता घेऊन आले. "आप्पा, हा कुशलवाला लाइन लाल कशाला केला?"

आता मला काय माहीत? पण गल्लीत ज्याला तक्त्यातलं कळतं असा मी एकटा. माहीत नाही म्हणायला जीभ वळेना. मी आवाज खाली आणून म्हटलं, "शेठ, त्या ओळीवर सध्या सरकारचं विशेष लक्ष आहे."

"म्हणजे कंपल्सरी?"

"मी काही बोललो नाही," मी म्हटलं आणि भुवया उडवल्या.

झालं! त्या भुवयांनी वाट लावली. जिग्नेशभाईंनी भट्टीवरच्या आचाऱ्यापासून पुड्या बांधणाऱ्या पोरीपर्यंत सगळ्यांना लाल ओळीचा पगार चालू केला. त्यांचं बघून स्टेशनरीवाल्याने केला, त्याचं बघून ड्रायक्लीनवाल्याने. 'लाल ओळ आली रे' म्हणून गल्लीभर बातमी. फरसाणच्या दुकानातल्या माणसांनी मला पावशेर शेव आणून दिली. मी ती घेतली. सुरेखासमोर बसून खाल्ली. तिलाही दिली थोडी!

अख्ख्या गल्लीचा पगार वाढला यार, एक माझं दुकान सोडून.

मग सुरेखाने शेवटचा उपाय केला. एक तक्ता माझ्या खुर्चीच्या बरोबर समोर, चार टाचण्या मारून भिंतीवर लावला. मान वर केली की लाल ओळ डोळ्यांत! आता तरी मी काय करावं? आठवड्याने एक गिऱ्हाईक तक्ता मागत आलं. प्रती संपलेल्या. मी उठलो, तो भिंतीवरचा काढला आणि विकला. भोकं पडली होती म्हणून पाच रुपये कमी घेतले.

सुरेखा बघत होती. त्या दिवशी ती न सांगता लवकर गेली.

दिवाळीनंतर जिग्नेशभाई हळूच म्हणाले, "आप्पा, तुमची सुरेखाबेन घाटकोपरच्या प्रेसमध्ये नोकरीचा बघून आली. पोरीचा नर्सिंगचा फी भरायचा आहे ना तिला."

"कोण, सुरेखा?" मी हसलो. "छे हो! ती कुठे जाते? ती आमच्या घरचीच आहे."

आणि डिसेंबरात दुकान निरीक्षक आल्या. तरुण बाई, खांद्याला बॅग, बोलणं मोजकं. आधी त्या फरसाणवाल्यांकडे गेल्या. तिथे पुड्या बांधणाऱ्या पोरीला कुशलचा पगार बघून चक्रावल्या. "चांगलं आहे, पण हे तुम्हाला कोणी सांगितलं?" जिग्नेशभाई त्यांना थेट माझ्या दुकानात घेऊन आले, मागे निम्मी गल्ली.

"ही ओळ लाल का केलीत?" बाईंनी तक्ता माझ्यापुढे धरला.

मी सुरेखाकडे बोट केलं. "ते... आमच्या सुरेखाने खूण केली होती."

बाई तिच्याकडे वळल्या. "का हो? काय चुकलं होतं त्यात?"

सुरेखाने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "काही चुकलं नव्हतं मॅडम. ती माझी ओळ आहे."

मला आधी कळलंच नाही, आणि मग एकदम सगळं कळलं. रेघ, गोल, टाचण्या, पाच रुपये सूट. आणि ती शेव! वाटलं मशीनखाली जागा असती तर शिरलो असतो.

"मॅडम, ती घरच्यासारखीच आहे हो," मी पुटपुटलो.

"घरच्यासारखी असेल तर घरात वाटा द्या," बाई म्हणाल्या. "दुकानात आहे तर पगार द्या. आणि तुमच्या दुकानातला तक्ता कुठे लावलाय?"

"संपले," मी म्हटलं.

जिग्नेशभाई तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले. बाईंनी आजवरचा पगारातला फरक चुकता करायला मुदत दिली, कागदावर माझी सही घेतली आणि निघाल्या. गल्ली पांगल्यावर मी सुरेखाला म्हटलं, "अगं, एकदा तोंडाने सांगायचंस!"

"तुम्हीच म्हणाला होतात ना आप्पा, तोंडाने सांगितलेलं ऐकणार नाही."

घरी गेलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. बायको म्हणाली, "अकरा वर्षं तिच्या डब्यातली भाजी मागून खाताय, तिला पगार पुरतो का हे एकदा विचारलं नाहीत?" मी जेवलो नाही. खरं सांगतो, लाज वाटली. फरक भरायचा त्याची नाही, निरीक्षकबाईंचीही नाही. सुरेखाच्या त्या खाली घातलेल्या मानेची वाटली.

जानेवारी लागला. सुरेखाला घाटकोपरला त्याच आठवड्यात उत्तर द्यायचं होतं. मी ठरवलं, काय द्यायचं ते लेखी द्यायचं. तिला चहाला पाठवलं आणि स्वतः कॉम्प्युटरवर बसलो. एका बोटाने टाइप करत पाऊण तास लावला. मागचा सगळा फरक, तक्त्याप्रमाणे नवा पगार, आणि शेवटी दोन ओळी माफीच्या. त्या मनापासून होत्या. प्रिंट काढून तिच्यापुढे ठेवलं. "घाटकोपरला काही कळवायच्या आधी हे वाच."

ती सावकाश वाचत गेली. माफीच्या ओळींवर आली तेव्हा तिचे डोळे भरले, तिने ओढणीने पुसले. माझेही भरले. म्हटलं चला, शोभा झाली ती झाली, शेवट तरी गोड झाला.

एवढ्यात तिचा हात पेनांच्या डब्याकडे गेला. तिने लाल पेन उचललं, नव्या पगाराच्या आकड्याखाली एक रेघ मारली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मी चष्मा लावला. रेघेकडे पाहिलं. आकड्याकडे पाहिलं. पुन्हा रेघेकडे पाहिलं.

"आप्पा," सुरेखाने शेवटी नियम मोडला, "हा जुलैचा आकडा आहे. या महिन्यापासून बदलला. दुरुस्त करून द्या, मग मी घाटकोपरला नाही म्हणून कळवते."

टेबलावर माझ्या कोपराखालीच जानेवारीच्या तक्त्यांचा गठ्ठा होता, दोनशे प्रती, कालच छापलेल्या. वर त्याचं प्रूफ, नवा आकडा असलेलं. आणि प्रूफावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'तपासले, बरोबर आहे.'