मोटरीच्या गळ्यातला हार

ती घटना आठवली की आजही चहा पिताना मला ठसका लागतो. नव्वदच्या दशकात मी नाशिकमधल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी इंदिरानगरापलीकडचे एक मळेवाले नाना तरातरा आत आले आणि हिरव्यागार पाण्याची कळशी त्यांनी माझ्या टेबलावर आदळली.

"सायेब, माझ्या विहिरीचं पाणी हाय. ह्याचा चहा करा आन् प्या. मंग मी तक्रार लिवतो."

खोटं सांगत नाही, त्या वासानं कोठडीतल्या दोन पाकीटमारांनी आपणहून गुन्हा कबूल केला! नानांची शेवंती जळून गेली होती. वरच्या अंगाला धातूवर मुलामा चढवणारा प्लेटिंगचा कारखाना होता, त्याचं पाणी नाल्यातून विहिरीत झिरपत होतं. विहीर गेली की मळा विकायचा, दुसरा मार्गच नव्हता.

अशा कारखान्यावर कारवाई प्रदूषण मंडळाची, आमच्याकडे बंदोबस्त. मंडळाच्या अधिकारी बाई आधीच वैतागलेल्या. "चार वेळा नमुना घेतला, साहेब. दर वेळी पाणी तीर्थासारखं!"

दोन पंच, बाई, नाना आणि मी असे थेट कारखान्यात शिरलो. बाहेर पडणारं पाणी खरोखरच स्वच्छ. मॅनेजरनं शुद्धीकरण यंत्रणा दाखवली. "चोवीस तास चालते. आत्ताच पाच मिनिटं बंद केलीय." रजिस्टरमध्ये तासातासाच्या नोंदी, ऑपरेटरच्या सह्या, अक्षर मोत्यासारखं.

माझी नजर त्या यंत्रणेच्या मोटरीवर गेली. पुलीभोवती झेंडूचा वाळलेला हार होता.

"हा कधीचा रे?" मी ऑपरेटरला विचारलं.

"खंडेनवमीचा, साहेब. मशीनची पूजा केली होती."

"बांधला कोणी?"

गड्याची छाती फुगली. "मीच! पुली आणि पट्टा मिळून सात गाठी मारल्यात. मोटर फिरल्याशिवाय सुटायच्या..."

त्यानं चटकन मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरनं डोळे मिटले. नाना म्हणाले, "म्हंजे दसऱ्यापासून झोपलीच हाय व्हय ही बया?"

मी आवाजसुद्धा चढवला नाही. ऑपरेटरनं स्वतःच कोपऱ्यातली पिंपं सरकवली. मागून एक चोरनळी थेट नाल्यात जात होती. दर्शनी नळीला बोअरचं पाणी जोडलेलं. बाईंनी चोरनळीचा नमुना पंचांसमक्ष भरला, सील केला. मंडळाचा बंदचा आदेश आला, कारखान्याची वीज तुटली. यंत्रणा खरोखर चालू झाल्यावरच ती परत जोडली गेली. विहीर निवळायला दोन पावसाळे लागले, पण नानांनी मळा विकला नाही.

नंतर मी ऑपरेटरला विचारलं होतं, "अरे, हार काढून टाकायचास की!"

"पूजेचा हार कसा तोडू, साहेब? पाप लागलं असतं."

तीन महिने खोट्या सह्या करताना मात्र त्याला एकदाही पाप आठवलं नव्हतं. तेव्हापासून तपासाला गेलो की कागद मी शेवटी पाहायचो. आधी पाहायचो, इथली माणसं कशाला हात लावायला भितात.