हरभरा डाळीच्या डब्यातली पाकिटं

व्हिटॅमिन डीची सहा पाकिटं शनिवारी सकाळी साडेदहा वाजता हरभरा डाळीच्या डब्यात सापडली. बाळ त्या दिवशी दहा आठवड्यांचं झालं होतं. पाकिटं माझ्यासाठी आणलेली होती, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ती माझ्या पोटात गेलेली होती.

घर केडगावात, दोन खोल्यांचं, वर गच्ची. माझी आई हयात नसल्याने बाळंतपण सासूबाईंनी अंगावर घेतलं होतं. त्यांना मी आत्या म्हणते. नात्याने त्या आत्या नाहीत, पण आमच्याकडे सासूला तशीच हाक असते. त्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, पाथर्डीच्या बाजूच्या गावातून आल्या, त्या डिंकाच्या लाडवांचा एक भरलेला डबा घेऊन. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरबाईंनी त्यांना सांगितलं की हिला गरोदरपणात मधुमेह झाला होता, गोड जपून. तो डबा त्याच संध्याकाळी शेजारी वाटला गेला. मी एकही लाडू पाहिला नाही.

त्या दिवसापासून घरातली साखर आत्यांच्या ताब्यात होती. पतीला चहा स्वयंपाकघराच्या दाराआड प्यावा लागे. "तिच्या नाकाला वास नको," असं आत्यांचं कारण होतं.

माझी साखर सव्विसाव्या आठवड्यात वाढलेली निघाली होती. गरोदरपणात आलेला हा मधुमेह बहुतेकींचा बाळंतपणानंतर जातो, काहींचा जात नाही. ज्यांचा जातो त्यांनाही पुढे तो होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. गेला की राहिला, हे बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत ग्लुकोजचं पाणी पाजून तपासतात. माझी ती तपासणी दोनदा ठरून राहून गेली. एकदा बाळाला सर्दी झाली, एकदा मी झोपून राहिले. ही दोन्ही कारणं खरी आहेत. आकडा काय येईल याची भीती वाटत होती, हेही खरं आहे.

व्हिटॅमिन डीचं निदान वेगळं. बाळ तीन आठवड्यांचं असताना केलेल्या तपासणीत ते तेरा निघालं, म्हणजे कमी. डॉक्टरबाईंनी विचारलं, ऊन किती लागतं? वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी ड्युटी दुपारी दोन ते रात्री दहा. स्कूटरवर जाताना स्कार्फ, सनकोट, हातमोजे. उघडे असतात ते फक्त डोळे, आणि त्यांवर गॉगल. त्यांनी आठ पाकिटं लिहून दिली. आठवड्याला एक, दुधातून.

दूध आत्या आणून देत. पहिल्या आठवड्याचं पाकीट त्यांनी फोडलं, पेल्यात रिकामं केलं, आणि आत चिकटलेले कण बोटाने चाटून पाहिले. हे मला सात आठवड्यांनी कळलं.

शनिवारी मी डाळ भिजत घालायला डबा उघडला.

"आत्या, हे काय आहे?"

त्या बाळाच्या पायांना तेल चोळत होत्या. मान वर केली नाही.

"डाळ."

"डाळीत काय आहे?"

"पाकिटं."

"इथे कशी आली?"

"म्या ठिवली. गोड हायती ती. चाटून बघितली म्या. साखरेच्या बाईला साखर पाजत्यात, अन् ती बी दर आठवड्याला! माझ्या थोरल्या बहिनीचा अंगठा गेला साखरंनं. मला नको शिकवू."

"मग दुधात काय घालत होतात?"

"काय न्हाई. नुस्तं ढवळत हुते."

पती आतल्या खोलीतून बाहेर आला, डब्यात पाहिलं आणि परत आत गेला. तो हसत होता हे खांद्यांवरून दिसत होतं. सहा आठवडे दूध अगोड लागलं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. त्या काळात सलग तीन तासांपेक्षा जास्त झोप मला एकदाही मिळाली नव्हती.

मी डॉक्टरबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. बोलल्या आत्याच.

"डॉक्टरीनबाई, तुमची पाकिटं गोड हायती."

"हो. कडू असती तर कोणी घेतली असती?"

"अन् तिची साखर?"

"एक पाकीट सगळं मिळून एक ग्रॅम भरतं, आजी. तुम्ही चहात चमचा घालता ना, तो पाच ग्रॅमचा."

आत्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "मंग असं आधी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही विचारलं का?"

मी विचारलं, डी वाढलं की साखर ताब्यात येईल का. डॉक्टरबाई म्हणाल्या, तसं मी लिहून देणार नाही. त्यावर संशोधन चालू आहे आणि उत्तरं सारखी येत नाहीत. डी हाडांसाठी हवंच, तुमचं कमी आहे म्हणून भरून काढायचं. साखरेसाठी चालणं, ताटावर लक्ष आणि तपासणी. ती तपासणी कधी करताय? आणि थोडं उन्हातही बसा. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हाने काही होत नाही, दहा-अकराच्या उन्हात हात-पाय उघडे ठेवून वीसेक मिनिटं.

तपासणीचा वार तिथेच ठरला, पुढच्या आठवड्यातला शुक्रवार. पाकिटं डाळीतून निघून फडताळात, उरलेल्या आठव्या पाकिटाशेजारी गेली. उन्हाला मात्र आत्यांचा विरोध होता. माझ्या कानांना तेव्हाही रुमाल बांधलेला असे आणि खिडकीला चादर.

"बाळंतीन उन्हात बसती व्हय?"

"तुम्ही नव्हता बसलात?"

"बसायला कुठलं? माझा ह्यो झाला तवा आमी ऊसतोडीला गेल्तो. बाराव्या दिशी मी फडात मोळ्या बांधत हुते. सावली म्हंजी बैलगाडीखाली, ती बी पोरापुरती. मला कुनी बसवलं न्हाई आत. म्हून तुला बसवली."

बाळ शिंकलं. आत्यांनी उठून खिडकीची चादर काढली, घडी घातली आणि म्हणाल्या, "बसायचंच हाय तर कामाला बस."

काम म्हणजे कुरडया. आत्यांनी शुक्रवारीच भिजत घातलेल्या गव्हाचा चीक सोमवारी सकाळी शिजला. शेजारच्या दोघी आल्या. गच्चीवर जुन्या साड्या पसरल्या, आत्यांनी सोऱ्या फिरवला, आणि साडेदहापर्यंत दोन साड्या पांढऱ्या चकत्यांनी भरल्या. कावळ्या-चिमण्या हाकायला मला बसवलं. हातात काठी, बाह्या कोपराच्या वर, साडी पोटऱ्यांपर्यंत, कान उघडे. बाळ जिन्याच्या सावलीत टोपलीत होतं.

शेजारच्या एकीने पाहिलं. "काय ओ मावशी, सुनंला बी वाळत घातली का?"

"व्हय. एका अंगानं वाळली की पालथी करनार."

"तळायची कधी?"

"ड्युटीवर जाईल तवा. तिकडं तळत्यातच."

तिघी इतक्या हसल्या की कावळे काठीविनाच उडाले. चिकाच्या वाट्या फिरल्या, दूध-साखर घालून. माझ्या वाटीत दोन चमचे चीक, मीठ आणि जिरं होतं. त्यानंतर रोज वीस मिनिटं झाली की आत्या खालून हाक मारत. त्यांना घड्याळ लागत नव्हतं, आणि मी मोबाईलवर पाहिलं तेव्हा फरक एका मिनिटाचा होता. बुधवारी त्या स्वतःहून वर येऊन माझ्याशेजारी बसल्या. कुरडया वाळल्यावर पापड आले, पापडांनंतर सांडगे. आठही पाकिटं संपल्यावर, जुलैत, डी पुन्हा तपासलं. ते तेहतीस होतं.

पण त्याआधी, कुरडयांच्याच आठवड्यातल्या ठरलेल्या शुक्रवारी, सकाळी पावणेआठला आम्ही लॅबमध्ये पोहोचलो. मी रात्रीपासून उपाशी. आत्या बाळाला घेऊन सोबत. पहिलं रक्त घेतलं. मग लॅबमधल्या बाईंनी एक पुडा फोडून मोठ्या पेल्यातल्या पाण्यात ओतला आणि ढवळू लागल्या.

आत्या उठल्या. "हे काय?"

"ग्लुकोज, आजी."

"किती?"

"पंच्याहत्तर ग्रॅम."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे. "एका ग्रॅमपायी म्या डाळीत पाकिटं पुरली. हितं वाटीभर साखर पाजत्यात, अन् म्हनं तपासनी!"

"तीच तपासणी आहे. शरीर ही साखर जिरवतं का, ते बघायचंय."

"न्हाई जिरली तर?"

लॅबमधल्या बाईंनी पेला माझ्या हातात दिला. उत्तर मी दिलं. "तर मधुमेह राहिला म्हणायचं. औषध चालू."

आत्या बसल्या. मी पाच मिनिटांत पेला संपवला. दोन तास तिथेच बसायचं होतं, चालायचं नव्हतं, खायचं नव्हतं. पहिला तासभर आत्यांनी बाळाला मांडीवर थोपटलं. दुसऱ्या तासात त्यांनी बाकावरच्या तीन अनोळखी बायांना पंच्याहत्तर ग्रॅम म्हणजे किती, ते ओंजळीने दाखवलं. प्रत्येक वेळी ओंजळ मोठी होत गेली. एकीने विचारलं, एवढी साखर पिऊन बाई जिवंत कशी? आत्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही काय, बसली हाय."

दहा वाजून पाच मिनिटांनी दुसरं रक्त घेतलं.

रिपोर्ट संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मोबाईलवर आला. उपाशीपोटी ८९, दोन तासांनी १२१. मी तो डॉक्टरबाईंना पाठवला. त्यांचं उत्तर सहा मिनिटांनी आलं: दोन्ही आकडे नॉर्मल, मधुमेह नाही, वर्षाने पुन्हा तपासा. आत्यांनी ते मला तीनदा मोठ्याने वाचायला लावलं. तिसऱ्यांदा गच्चीवर, शेजारच्या दोघींना ऐकू जाईल असं.