फाटकापासून एक पाऊल मागं

मर्ल हुकस्ट्रा डुकरं पाळायचा आणि टाइट एंड घडवायचा. दोन्हींत सोपं काय, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "डुकरं. ती ऐकत्यात."

टाइट एंड म्हणजे आमच्या हातानं खेळायच्या अमेरिकी फुटबॉलातला अर्धा रेडा आणि अर्धं हरीण. ओळीत उभं राहून समोरच्याला छातीनं रेटायचं, आणि तो रेटारेटीत गुंतला की सटकून चेंडू झेलायचा. वेल्डन कॉलेजात मर्लनं सव्वीस वर्षं असलीच पोरं तयार केली. पहाटे डुकरांना दाणा, दुपारी पोरांना शिव्या. उजव्या हाताचं एक बोट मक्याच्या यंत्रानं खाल्लेलं. तेच थोटूक नाचवत तो मैदानभर ओरडत फिरायचा आणि पोरं त्याला जाम टरकायची.

त्या साली नवा मुख्य कोच आला, ब्रेंडन पाइक. तेहतीस वर्षांचा, दात पांढरेशुभ्र. त्याचा सगळा खेळ हवेतला. चार हडकुळी पळणारी पोरं मैदानाच्या कडांना पांगवायची आणि चेंडू लांब भिरकवायचा. टाइट एंड त्याच्या लेखी अडगळ. नोव्हेंबरातल्या बुधवारी त्यानं मर्लला बोलावून सांगितलं, "पुढच्या वर्षीपासून टाइट एंड बंद. म्हणजे तुमचंही काम राहत नाही, मर्ल."

मर्लनं टोपी डोक्यावर घट्ट बसवली आणि खाणावळीत माझ्यासमोर येऊन बसला. चिलीच्या, म्हणजे खिमा-घेवड्याच्या तिखट रश्श्याच्या, वाडग्यात दालचिनीचा गोड रोल बुडवत एवढंच म्हणाला, "शनवारी होल्कम कॉलेजाशी सामना. सव्वीस वर्सांतला शेवटचा."

पण देव कधीकधी पोटाच्या वाटेनं येतो. गुरुवारी पाइकच्या पळणाऱ्या पोरांना हगवण लागली. एकाच खोलीतली पोरं, एकाच पातेल्यातलं जेवण. राखीव धरून पाचच्या पाच आडवी! आता चेंडू झेलणार कोण? पाइक धावतपळत मर्लकडं आला.

"तुमचे चौघं टाइट एंड एकदम उतरवा. पण आधीच सांगून ठेवतो, हरलो तर मी साल संपायची वाट बघणार नाही. सोमवारीच चावी द्यायची."

"सोमवारी मी डुकरं घिऊन बाजाराला जाणार हाय," मर्ल म्हणाला. "मंगळवारी ये."

त्या संध्याकाळी मर्लनं चौघांना मैदानावर नेलंच नाही. थेट आपल्या डुकरांच्या शेडात नेलं. त्याला दाणा पोचवणारा मीही गेलो, फुकटचा तमाशा कोण सोडतंय!

चौघांतला आर्लो दाराच्या चौकटीएवढा. चौथं वर्ष, रेटण्यात पटाईत, पण सामन्यात एकही चेंडू झेललेला नाही. टॉबी सगळ्यांत लहान, पहिल्याच वर्षाचा, अंगात वारं शिरलेला.

"टॉबी, ही फळी धर आन् फाटकात हुबा ऱ्हा," मर्ल म्हणाला आणि त्यानं मागनं डुक्कर हाकललं. डुक्कर आलं, फळी बघितली आणि माघारी फिरलं.

"आता फाटकापासनं एक पाऊल मागं हो."

टॉबी मागं झाला. डुक्कर त्याच्या मांडीला घासून सुळ्ळकन बाहेर.

"कळलं का? वळीतला एकदम कडंचा गडीच चेंडू झेलू शकतो, आतला न्हाई. आर्लो म्हंजे डुक्कर. तू त्याच्या भाईरच्या अंगाला त्याच वळीत आलास की त्याचं फाटक बंद, म्हंजे गडी झाकला. मग त्यानं आभाळातला चंद्र झेलला तरी पंच मोजत न्हाई. एक पाऊल मागं ऱ्हायलास, तर फाटक उघडं."

"मीच डुक्कर का, कोच?" आर्लोनं विचारलं.

"मापावरनं निवडलं."

शनिवारी वारा असा सुटला होता की शिट्टी फुंकावी इथं आणि ऐकू यावी पलीकडच्या गावात. माझी जागा ठरलेली. मी साखळीवाला. दोन काठ्या आणि मधी दहा यार्डांची साखळी, चेंडू किती पुढं सरकला ते त्यावर मोजायचं. एकतीस वर्षं मी ती काठी धरलीय. साखळीवाल्याला एकच कडक नियम, ओरडायचं नाही, टाळी वाजवायची नाही, खेळाडूला चकार शब्द सांगायचा नाही. आपलं कॉलेज असलं तरी तोंडाला कुलूप.

मर्लचे चौघं उतरले आणि होल्कमवाले हसायला लागले. "बाजारातनं आणलेत काय रं हे?" एकजण ओरडला. पण दोनच चालींत हसू आटलं. ते चार रेडे एकदम रेटायला लागले की होल्कमची ओळ ओल्या भिंतीसारखी ढासळायची. पाच यार्ड. सहा यार्ड. पुन्हा पाच. मी काठी घेऊन पळून पळून घामाघूम!

तिसऱ्या भागात मर्लनं डाव टाकला. आर्लोनं समोरच्याला रेटलं, सोडलं, पळाला. चेंडू आला आणि त्या फाटकाएवढ्या गड्यानं झेलला! तीस यार्ड धावत शेवटच्या रेषेपार, टचडाउन, सहा गुण! लोक बाकांवर चढले.

पण मी आधीच बघितलं होतं. टॉबी घाईघाईत अर्धं पाऊल पुढं, थेट ओळीत उभा राहिला होता. माझ्यापासून दहा हातांवर! जीभ शिवशिवत होती, "मागं हो रं, गाढवा!" पण काठी घट्ट धरून गप्प बसलो. पंचाचं पिवळं फडकं गवतावर पडलं. टचडाउन रद्द.

पाइक मर्लच्या अंगावर आला, "बघितलंत? हे तुमचं शास्त्र!"

मर्लनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. टॉबी रडकुंडीला आला होता. मर्लनं त्याच्या शिरस्त्राणाची जाळी धरून जवळ ओढलं. मला वाटलं आता हा पोराला खातोय.

"होल्कमवाले काय वरडत हुते, ऐकलंस?"

"'झाकलाय, झाकलाय, त्या ढोल्याला सोडा!' म्हणत होते, कोच."

"बेस. ध्यानात ठेव."

शेवटचा भाग. आम्ही चार गुणांनी मागं. सोळा सेकंद. चेंडू त्यांच्या रेषेपासून तीन यार्डांवर, आणि आमची शेवटची संधी. मर्लनं टॉबीच्या कानात काहीतरी सांगितलं. पाठीवर थोटकानं टोचलं आणि ढकलून दिलं.

चौघं उभे राहिले. टॉबी पुन्हा ओळीतच! तसाच, तिथंच! समोरच्या होल्कमवाल्यानं हात केला, "झाकलाय! ह्या ढोल्याला सोडा, आत चला!" आर्लोसमोरचे दोघं आत सरकले.

तेवढ्यात टॉबीनं एक पाऊल मागं घेतलं. एकच. गपकन थांबला. मान वळवून त्यानं कडेच्या पंचाकडं बघितलं. पंचानं हात आडवा धरला, म्हणजे आहेस मागं, ठीक आहे. होल्कमचा एकजण किंचाळला, "न्हाई! उघडा हाय, उघडा हाय!"

पण चेंडू निघाला होता. आर्लोनं एक धक्का दिला आणि सटकला. त्याच्या आसपास माणूस नाही, कुत्रं नाही. चेंडू छातीवर आदळला. त्यानं तो दोन्ही हातांनी असा कवटाळला, की फुटतोय का काय. आणि रेषेपलीकडं आडवा झाला.

फडकं पडलं नाही! पंचाचे दोन्ही हात वर, टचडाउन! सामना आमचा!

मी ओरडलो. एकतीस वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. काठी खाली टाकली, टोपी हवेत उडवली. पंच माझ्याकडं वळून म्हणाला, "साखळीवाले, पुढच्या सामन्याला घरी बसा."

"बसतो!" मी म्हणालो. "दोन सामने बसतो!"

मर्ल मात्र जागचा हलला नाही. नुसता टॉबीला म्हणाला, "पाऊल जरा मोठं घेतलंस. सुधार."

मंगळवारी सकाळी सहाला मी दाण्याची पोती उतरवायला मर्लच्या शेडात गेलो. पाइक फाटकाशी उभा, पांढऱ्याधोप बुटांवर शेण, हातात वही.

"मर्ल, ते पाऊल परत एकदा दाखवता? पुढच्या वर्षी पाच टाइट एंड घेतले तर?"

मर्लनं फळी त्याच्या हातात दिली. "वही ठेव तिकडं. आधी डुक्कर भाईर काढून दाखव."